सात स्पीडब्रेकर, अठ्ठेचाळीस वाडगे

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०

कालचा रविवार वाईट गेला. एकोणीस वाडगे फुटले.

सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे शोध लागल्यावर तो कुठून सुरू झाला ते मला आठवेल. हिने अठरा वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली आणि गेल्या जूनमध्ये राजीनामा देऊन मागच्या खोलीत मातीकामाचं चाक मांडलं. सहा-सात महिने भाच्यांना फुलदाण्या वाटण्यात गेले. आता पहिली खरी ऑर्डर आली आहे. एक सूपचं हॉटेल नव्याने उघडतंय, त्यांना अठ्ठेचाळीस वाडगे हवेत. घरी भट्टी नाही. भट्टी नऊ किलोमीटरवर, भट्टीवाल्या बाईंकडे. त्या एक रविवार सोडून एक रविवार भट्टी लावतात. भट्टीतून निघालेला वाडगा दगडासारखा टणक. त्याआधी मात्र नुसती वाळलेली माती, बिस्किटासारखी. ती बिस्किटं न्यायची जबाबदारी माझ्या गाडीची.

वाटेत सात स्पीडब्रेकर. ही मागच्या सीटवर फळ्या मांडीवर धरून बसते, मी चालवतो. काल तिसऱ्या स्पीडब्रेकरला धाड्. चौथ्याला धाड्. पाचव्यानंतर मागे वळून बघायचं धैर्य मला झालं नाही. ही मात्र माझ्याकडेच बघत होती, ते आरशात दिसलं.

जे फुटले नाहीत ते भट्टीवाल्या बाईंनी एकेक उचलून कानाशी धरून टिचकीने वाजवले आणि बाजूला ठेवले. आतून गेलेत म्हणाल्या, केसाएवढ्या चिरा आहेत. भट्टीत एकही गेला नाही. मी त्यांना धीर देणारे चार शब्द बोललो. त्या म्हणाल्या, चार झाले, आता पुरे.

गाडीत दोष आहे आणि तो मीच शोधणार. एकतीस वर्षं व्यासपीठावर उभा राहून मोठमोठ्या प्रश्नांच्या मुळाशी गेलो आहे. गाडीला चाकं चार, म्हणजे मुळं जास्तीत जास्त चार.

संकल्प: १६ तारखेच्या भट्टीपर्यंत गाडी लोण्यासारखी.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी

गाडीचं मॅन्युअल काढलं. तीनशे बारा पानं. प्रस्तावना अतिशय दुबळी. लायब्ररीतून आणखी तीन पुस्तकं आणली. विषय सोपा आहे. चाक आणि गाडी यांच्यामध्ये स्प्रिंग असते, ती धक्का झेलते. स्प्रिंग एकदा उसळली की उसळतच राहील, म्हणून तिला आवरायला शॉकअ‍ॅब्सॉर्बर. स्प्रिंग म्हणजे समाजाची भावना आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर म्हणजे विवेक! यावर लगेच पाच पानांचं टिपण काढलं. पुढच्या भाषणात येणार.

गाडीकडे बघायचं राहिलं.

संध्याकाळी ५.४०. पुस्तकातली परीक्षा केली. गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडायचा. शॉक खराब असेल तर गाडी डुलत राहते, चांगला असेल तर एकदा वर येऊन थांबते. चारही कोपरे दाबले. चारही एकदा वर आले आणि थांबले. परीक्षा जुनाट दिसते.

पाठीत उसण भरली आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

उसण. कॉलेजला सुट्टी. पडल्या पडल्या लख्ख प्रकाश पडला. दोष गाडीत नाहीच, रस्त्यात आहे! नऊ किलोमीटरला सात स्पीडब्रेकर म्हणजे रस्ता नव्हे, आडवी पाडलेली शिडी. हिला हाक मारून सांगितलं. ही आतूनच म्हणाली, सोळा तारखेच्या आत रस्ता बदलणार असाल तर बघा, तोवर मी माती मळते.

टोमणा होता. मी तो प्रोत्साहन म्हणून घेतला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १.३०

रस्ते विभागाच्या इंजिनिअरांना भेटलो. बावीस मिनिटं बोललो. शिपाई हातातलं काम टाकून दारात उभा राहिला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पंखा बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं म्हणून. वाहनांवर विश्वास नसलेलं शासन नागरिकांवर काय विश्वास ठेवणार, या वाक्याला मी टेबलावर मूठ आपटली. मला स्वतःलाच शहारा आला.

इंजिनिअर उठले आणि कपाटातून एक फाईल काढली. दोन वर्षांपूर्वी शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडता येत नाही म्हणून नागरिकांची सभा झाली होती, तिचा ठराव. मागणी: सात स्पीडब्रेकर. खाली पहिली सही माझी.

इंजिनिअर म्हणाले, सर, आम्ही तीनच टाकणार होतो. तुमचं भाषण ऐकून साहेबांनी सात केले.

भाषणाची प्रत आहे का विचारलं. होती. तिथेच उभ्याने वाचून काढली. अप्रतिम. हे भाषण वाचून कोणाही विचारी माणसाची खात्री पटेल की यातला एकही स्पीडब्रेकर काढता कामा नये. माझी पटली. इंजिनिअरांशी हात मिळवून निघालो.

दोष गाडीतच आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९

टायर.

हवेच्या बाबतीत माझं तत्त्व स्पष्ट आहे. भरायची तर पूर्ण भरायची, अर्धवटपणा नको. टायरच्या अंगावर आकडा छापलेला असतो, पन्नास. दर सोमवारी मी तेवढी भरून घेतो. हवावाला दर वेळी दोनदा विचारतो, मी दर वेळी ठणकावून सांगतो.

आज ही बरोबर होती. दार उघडं टाकून बसली होती. बसल्या बसल्या तिने दाराच्या आतल्या कडेवरचं स्टिकर वाचून दाखवलं. बत्तीस. म्हणजे टायरवरचा आकडा टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा, आणि स्टिकरवरचा या गाडीला किती हवी त्याचा. हवावाला म्हणाला, मॅडम, चार वर्षं मी हेच सांगायला जातोय, पण सरांचं ऐकता ऐकता माझं सांगायचं राहून जातं.

स्टिकरवरची अक्षरं फार बारीक आहेत. ज्याला जगाला काही सांगायचंय त्याने ते मोठ्यांदा सांगावं.

बत्तीस केली. गाडी लगेच मऊ झाली. माझ्या संशोधनाला पहिलं यश.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एकटाच कॉलेजला गेलो. वाटेत खड्डा होता, म्हणे. मला कळलाही नाही.

१६ ला एकही वाडगा फुटणार नाही, असं हिला जाहीर केलं. लेखी द्यायलाही तयार आहे म्हणालो. हिने कागद-पेन पुढे केलं. अशा वेळी मागे हटणारा मी नव्हे. सही केली, तारीख घातली.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२.१५

तेवीस.

नोंद वस्तुनिष्ठ ठेवतो. पहिले दोन स्पीडब्रेकर लोणी. ही मागून म्हणाली, खरंच हो, फरक आहे. या एका वाक्याने मला इतका हुरूप आला की टायरमधल्या हवेचा दाब आणि लोकमताचा दाब यांतलं साम्य मी तिला समजावून सांगू लागलो. विषय रंगात आला आणि तिसरा स्पीडब्रेकर आला. धाड्. ही म्हणाली, अहो! मी म्हणालो, थांब, आता खरा मुद्दा येतोय. चौथा आला तो नेमका मुद्द्याच्या वाक्यावर. धाड्. पाचव्याला ही काहीतरी म्हणाली, पण मी तेव्हा समारोपात होतो.

उरलेले बाईंनी वाजवून नापास केले. आज त्यांनी मला धीर द्यायची संधीच दिली नाही, मला फाटकाबाहेर गाडी बघायला बसवलं.

येताना ही एवढंच म्हणाली की माती वाया जात नाही, भिजवली की परत चाकावर चढते. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, माणसाचं तसं असतं तर.

घरी आल्यावर हॉटेलवाल्यांचा निरोप. ८ मार्चला उद्घाटन. २ मार्चच्या भट्टीतून वाडगे निघाले नाहीत तर ते बाजारातले मशीनचे घेणार. त्यांची चूक म्हणता येत नाही. मी दोन मुद्द्यांवर म्हणून पाहिली.

बुधवारचा तो सहीचा कागद हिने फ्रिजवर चिकटवला आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सायंकाळी ६

आता प्रयोग. अंदाजांचे दिवस संपले.

हिने बाजूला टाकलेले सहा वाकडे कच्चे वाडगे घेतले, फळीवर मांडले आणि मागच्या सीटवर ठेवले. धरायला कोणी नाही. गाडीत मी एकटा. भट्टीपर्यंत जाऊन परत. चौदा वेळा स्पीडब्रेकर. एकही वाडगा फुटला नाही, जागचा हलला नाही. प्रवास मात्र भयंकर कंटाळवाणा, बोलायला कोणी नाही.

निष्कर्ष: सस्पेन्शन माझ्या वजनाला उत्तम आहे. दोष मागे बसणाऱ्या व्यक्तीमुळे येतो.

७.१५. निष्कर्ष हिला सांगितला.

७.२०. जेवण स्वतः वाढून घेतलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चहा स्वतः केला. पातेलं कुठे असतं ते शोधायला अकरा मिनिटं लागली. हिच्या चाकाचा आवाज सकाळपासून चालू. विज्ञानाच्या वाटेवर घरच्यांचा विरोध पूर्वीपासून होत आलेला आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी

एका प्रयोगावर सिद्धांत उभा राहत नाही. दुसरा माणूस हवा. मेहुण्याला बोलावलं.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, गाद्यांचा व्यापारी. त्याची मोठी व्हॅन आहे, पण रविवारी ती गाद्या पोचवत फिरते, नाहीतर हिने कधीच तिच्यावर डोळा ठेवला असता. मेहुणा आला तो फोमचा तुकडा काखोटीला मारूनच. म्हणाला, भावोजी, चार इंच फोमने सुटत नाही असा प्रश्न मी अजून पाहिलेला नाही. परवा तुम्ही ताईला काय म्हणालात, तोही सुटला असता. तुम्ही फोमवर झोपला असतात, बाहेरच्या खोलीत.

त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. फोम सीटवर, फोमवर फळी, फळीवर तेच सहा वाडगे, शेजारी मेहुणा. मुद्दाम शांतपणे निघालो. पण दुसऱ्या स्पीडब्रेकरपाशी तो म्हणाला की हल्ली भाषणं कोण ऐकतं, भावोजी, लोकांना सगळं मोबाईलवर तीस सेकंदांत लागतं.

याला उत्तर देणं कर्तव्य होतं. उत्तर सहाव्या स्पीडब्रेकरपर्यंत चाललं. सहापैकी पाच वाडगे गेले. मेहुण्याचं डोकं दोनदा टपाला लागलं. मध्येच तो ओरडला की भावोजी, बोलताना जरा तो पाय... पण मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही, कारण तो विषय सोडून चालला होता.

निष्कर्ष: फोम निरुपयोगी. तसंच, तिन्ही वेळा फुटण्याच्या क्षणी गाडीत सासरचं माणूस होतं. याला योगायोग म्हणावं का?

हा निष्कर्ष तूर्त रोजनिशीतच ठेवतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ५

अखेर तज्ज्ञाकडे. गॅरेजवाले मिस्त्री. अत्यंत कमी बोलणारा माणूस. अशा लोकांच्या डोक्यात काय साचून राहत असेल, या विचाराने मला नेहमी कीव येते.

मिस्त्रींनी गाडी वर उचलली. चारही चाकं धरून हलवली. प्रत्येक शॉकवर बॅटरीचा झोत मारला, बोट फिरवून तेल गळतंय का बघितलं, बोट कोरडं निघालं. सांध्यांतली रबरं दाबून बघितली. म्हणाले, ठीक आहे. मी म्हणालो, ठीक असतं तर बेचाळीस वाडगे गेले असते का? म्हणाले, चक्कर मारू.

मी चालवली, ते शेजारी बसले. वाडग्यांचा सगळा इतिहास, रस्ते विभागाचा प्रसंग आणि सस्पेन्शनमागचं तत्त्वज्ञान असं त्यांना क्रमाने सांगितलं. धाड्, धाड्, धाड्. दोष त्यांच्या देखत सिद्ध झाला! मी म्हणालो, ऐकलंत? म्हणाले, ऐकलं. सगळंच.

येताना ते चालवायला बसले. मला म्हणाले, सर, आवाज ऐकायचाय, तुम्ही जरा गप्प राहा. सात स्पीडब्रेकर गेले आणि एकदाही धाड् नाही. अर्थात मिस्त्री या रस्त्याने रोज ये-जा करतात, त्यांना स्पीडब्रेकर पाठ आहेत. हा पुरावा धरता येणार नाही.

उतरल्यावर विचारलं, सर, चालवताना नेहमी असंच बोलता? मी म्हणालो, छे, आज वेळ कमी होता, थोडक्यात आटोपलं. मग त्यांनी माझ्या उजव्या पायाकडे बराच वेळ बघितलं आणि पायाला काही त्रास आहे का विचारलं. फार आपुलकीचा माणूस. पाठीची उसण त्यांना चालण्यातून कळली असणार.

ही बाजारातून येताना गॅरेजवर थांबली होती. तिच्याशी मिस्त्री कोपऱ्यात पाच मिनिटं बोलले. माझ्या माहितीप्रमाणे त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत लांब भाषण. ही पाच दिवसांत पहिल्यांदा हसली. मग माझ्याकडे बघून आणखी हसली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

निर्णय. चारही शॉकअ‍ॅब्सॉर्बर नवे टाकायचे.

मिस्त्री म्हणाले, गरज नाही. जुन्याला चिकटून राहण्याच्या वृत्तीने माणसाचं किती नुकसान केलं आहे यावर मी थोडं बोललो. सीटकव्हर बदलायला आलेल्या एका गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी पुढे सीटकव्हर न बदलता गाडी नेली, हे मिस्त्रींना लागलेलं दिसलं. शेवटी म्हणाले, मागवतो, यायला वेळ लागेल. मी बजावलं, शनिवारी १ तारखेला बसलेच पाहिजेत, रविवारी २ ला भट्टी आहे. म्हणाले, बघू.

बघू म्हणजे होकार.

२६ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ७

मागच्या खोलीत डोकावलो. फळ्यांवर छप्पन्न वाडगे वाळत होते. एकसारखे, पातळ काठाचे. आठ जास्तीचे केलेत. ही चाकावर नव्हती. खिडकीशी बसून काठावरचा खडबडीतपणा ओल्या स्पंजने पुसत होती, एकेकाला फिरवून फिरवून, जणू तोंड धुऊन देतेय.

कपाटाजवळच्या टेबलावर तिचं बँकेचं जुनं ओळखपत्र दिसलं. गळ्यातल्या पट्ट्यासकट. विचारलं. म्हणाली, काउंटरवर एक जागा रिकामी होतेय, मॅनेजरबाईंनी पाच तारखेपर्यंत कळवायला सांगितलंय. मी म्हणालो, कशाला कळवायचं? म्हणाली, अहो, हे तिसऱ्यांदा केलेत मी. चौथ्यांदा हात उठणार नाही.

मी तिला धीर देणारं बोलायला तोंड उघडलं. तिने ओला स्पंज वर केला. फेकणार नव्हती बहुधा.

गप्प बाहेर आलो. नवे शॉक बसले की सगळं ठीक होईल. झालंच पाहिजे.

१ मार्च, शनिवार. सायंकाळी ७

सकाळी गाडी मिस्त्रींकडे सोडली. दुपारी बक्षीस समारंभाला प्रमुख वक्ता. विषय दिला होता ‘ऐकण्याची कला’. दीड तास बोललो. मध्ये अध्यक्षांनी दोन चिठ्ठ्या पाठवल्या, वाचायला वेळ मिळाला नाही.

गाडी हिनेच गॅरेजच्या पोराला चालवायला लावून परत आणली. चकाचक! बसताक्षणी फरक जाणवला. कोपरा दाबून पाहिला. एकदा वर आली आणि थांबली, पण किती वेगळ्या डौलाने! जुन्या शॉकमध्ये हा डौल नव्हता. नव्या वस्तूला एक आत्मविश्वास असतो.

हिने एक निरोप दिला. नवे शॉक स्थिरावेपर्यंत, म्हणजे पहिले वीस किलोमीटर, गाडीत बोलायचं नाही. विशेषतः चालवणाऱ्याने. आवाजाच्या कंपनांनी आतलं तेल नीट बसत नाही.

मी म्हणालो, असं कुठे असतं का? म्हणाली, मिस्त्री म्हणाले. मॅन्युअल चाळलं, उल्लेख नाही. पण मग आठवलं, पुलावरून जाताना सैनिक एका तालात पावलं टाकत नाहीत, कंपनांनी पूल हादरतो. पावलांनी पूल हादरतो, तर माझ्यासारख्याच्या आवाजाने शॉकमधलं तेल का हादरू नये? साधा आवाज असता तर चाललं असतं. हिला हे समजावून सांगितलं. म्हणाली, तुम्हाला पटलं ना, मग झालं.

संकल्प: उद्या मौन. जाताना नऊ, येताना नऊ. उरलेले दोन परवा कॉलेजच्या वाटेवर उरकेन.

२ मार्च, रविवार. सकाळी १०.०५

हे भट्टीच्या फाटकाबाहेर, गाडीत बसून लिहितोय. का ते खाली येईल.

सव्वानऊला निघालो. चार फळ्या सीटवर, एक हिच्या मांडीवर. छप्पन्न वाडगे. हिने मांडीवरची फळी इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. मी आरशात बघून मान हलवली. बोललो नाही.

पहिला स्पीडब्रेकर. लोणी. दुसरा. लोणी. इथेच मला सुचलं की शांतता ही सुद्धा एक प्रकारची... वाक्य फार सुंदर होणार होतं. गिळलं. गिळताना एक गंमत लक्षात आली. वाक्य वर येत होतं तेव्हा माझा उजवा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर खाली जात होता. वाक्य गिळल्यावर पाय वर आला. नव्या शॉकचा पायावर परिणाम होतो, असं पुस्तकात कुठे नव्हतं. मिस्त्रींना कळवायला हवं.

तिसरा स्पीडब्रेकर. आला आणि गेला.

चौथ्याच्या आधी डाव्या हाताला रस्ते विभागाचा फलक दिसतो. ‘सुरक्षित रस्ता, आपली जबाबदारी’. त्यावर बोलण्यासारखे किमान सहा मुद्दे. ओठ आत ओढून धरले. घाम आला. पाचव्याला डोळ्यांत पाणी आलं. सहाव्याला वाटलं आता फुटतोय, वाडगा नव्हे, मी. सातवा आला तेव्हा मी मनातल्या मनात अख्खं भाषण करून आभारप्रदर्शनापर्यंत पोचलो होतो, आणि गाडी त्याच्यावरून मांजरासारखी उतरली.

फाटकाशी थांबलो. नऊ किलोमीटर, सात स्पीडब्रेकर, एक शब्द नाही. मागे वळलो. विजयाचं पहिलं वाक्य तयार होतं.

ही झोपली होती.

मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, हात फळीवर नुसते ठेवलेले. पकड सुटली होती. गेले दोन आठवडे पहाटे पाचला चाक सुरू व्हायचं, त्याची झोप. मांडीवर बारा वाडगे, बाराही अख्खे. सीटवरचे चव्वेचाळीस मोजले. अख्खे.

उठवून सांगावंसं फार वाटलं. उठवलं नाही. अर्धा तास झाला. भट्टीवाल्या बाई दोनदा फाटकापर्यंत येऊन गेल्या. दुसऱ्यांदा त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मला! मी तर काही बोलतही नव्हतो.

१०.४०. उठली. आधी वाडगे मोजले. मग मला म्हणाली, पोचलो कधी? मग म्हणाली, बावीस वर्षांत तुमच्या गाडीत असं कधी वाटलं नव्हतं.

शॉकअ‍ॅब्सॉर्बरचं हे कौतुक मी मान झुकवून स्वीकारलं. वीस किलोमीटर पुरे व्हायचे होते.

बाईंनी छप्पन्नच्या छप्पन्न वाजवले. सगळे पास.

३ मार्च, सोमवार. सायंकाळी ६.३०

दुपारी चारला भट्टी उघडली. चोपन्न उत्तम निघाले, दोन तिथेच वाकले. हॉटेलवाल्यांनी बघून जागीच तीस ताटल्यांची ऑर्डर दिली, भट्टी १६ मार्चला. हिने बँकेत फोन केला. येत नाही म्हणाली, आणि मॅनेजरबाईंना एक फुलदाणी कबूल केली.

मी शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर लेख लिहायला बसलो होतो. शीर्षक झालं होतं. तेवढ्यात मिस्त्रींचा फोन.

म्हणाले, सर, नवे शॉक आज आले. गाडी कधी आणता?

मी हसून म्हणालो, मिस्त्री, विसरलात, ते तर शनिवारीच बसले. म्हणाले, कुठे? शनिवारी नुसती धुतली. मॅडम म्हणाल्या, आले नाहीत तर राहू द्या, छान धुऊन द्या. मी विचारलं, मग ते तेल, कंपनं? म्हणाले, कसली कंपनं?

 मिस्त्री हॅलो हॅलो करत राहिले. शेवटी मी विचारलं की हे नवे बसवले तर गाडीत बोलता येईल का? मिस्त्री म्हणाले, सर, शॉक रस्त्याचे धक्के झेलतात.

फोन ठेवला. ही दारात उभी होती, कोपरापर्यंत माती. किती ऐकलं होतं कोण जाणे. हसत मात्र नव्हती. विचारलं, सोळा तारखेला याल ना चालवायला?

या प्रश्नावर माझ्याकडे तीन मुद्दे, दोन दाखले आणि एक भरतवाक्य तयार होतं.

हो, म्हणालो.